हा दाब कुणाचा?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘मन आणि आजार’. मी डॉक्टर नाही. मॅट्रिक होऊन गोदीत लागलेला कामगार आहे, कविता लिहितो. पण हल्ली या विषयावर जो उठतो तो बोलतोय. विचार बदला, आजार पळेल. हसत रहा, साखर उतरेल. गारेगार हॉलात बसवून सांगतात, टाळ्या घेतात आणि फीही घेतात. आमच्याकडेही एकदा असा एक साहेब आणला होता. उन्हात पोती वाहून आलेल्या माणसांना तो श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होता!

म्हणजे हे सगळं थोतांड आहे का? तसं असतं तर मी पाच मिनिटांत शिव्या घालून खाली बसलो असतो. मनात जे पक्कं बसलेलं असतं ते शरीरात उतरतं, हे खरं आहे. हा साहेब दोन गोष्टी मात्र सांगत नाही. ते मनात बसवलं कुणी, आणि त्याची किंमत कुणाचं शरीर मोजतं.

मुकादम अंगावर ओरडला की काय होतं? काळीज धडधडतं, मुठी आवळतात, तोंडाला कोरड पडते. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी असते. तिच्यातून अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल असली द्रव्यं रक्तात सुटतात आणि रक्ताचा दाब चढतो. समोर वाघ असेल तर हे कामाचं आहे. लढ, नाहीतर पळ. वाघ गेला की दाब उतरतो. पण मुकादम कुठं जातो? तो उद्याही येणार. त्याच्यावर हात उचलता येत नाही आणि पळता येत नाही, कारण घरी चूल आहे. आणि गंमत अशी, की तो समोर नसला, तरी ‘आता येईल’ एवढ्या नुसत्या धास्तीनं शरीर तेच करतं. खरा मुकादम आणि मनातला मुकादम शरीराला वेगळे कळत नाहीत.

टेन्शन साहेबांना असतं, हमालाला कसलं टेन्शन, असं आपलीच माणसं म्हणतात. लंडनमध्ये १९६७ पासून सुमारे १८ हजार सरकारी नोकरांची पाहणी झाली, सगळे पुरुष. मायकल मार्मोट या डॉक्टरनं तिचे आकडे मांडले. सगळ्यात खालच्या पायरीवरचे शिपाई-हरकामे लोक हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या साहेबांच्या तिपटीहून जास्त निघालं. बिडी-सिगारेट, चरबी वगैरे हिशेबात धरूनही मोठा फरक शिल्लकच राहिला. पुढच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. आपल्या कामावर ज्याचा स्वतःचा ताबा कमी, त्याच्या हृदयाला धोका जास्त. साहेबाला काम जास्त असेलही, पण कधी करायचं हे तो ठरवतो. आपल्याला मुतायला जायचं तरी विचारावं लागतं.

आता दुसरी समजूत. ही आपली आवडती आहे, म्हणून सांगताना जपून सांगतो. ‘मेहनत कर, दुप्पट कर, कुणापुढे वाकू नको, एक दिवस जिंकशील.’ अमेरिकेतल्या काळ्या कामगारांत जॉन हेन्रीची गोष्ट सांगतात. रेल्वेच्या बोगद्यात हातोड्यानं खडकाला भोकं पाडणारा गडी. मालकानं वाफेचं यंत्र आणलं, यानं यंत्राशी शर्यत लावली आणि जिंकला. जिंकला, आणि तिथंच मेला.

शर्मन जेम्स या काळ्या संशोधकाला १९७८ साली एक म्हातारा भेटला. नाव जॉन हेन्री मार्टिन! दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणाऱ्याच्या घरात जन्मलेला, शाळा जवळजवळ नाहीच. गोऱ्या मालकाच्या कर्जातून सुटायचं म्हणून रात्रंदिवस खपला आणि चाळिशीत ७५ एकर जमिनीचा मालक झाला. साठीच्या आत रक्तदाब, सांधे धरलेले आणि पोटात असा व्रण की ४० टक्के जठर कापून टाकावं लागलं. जेम्सनं पुढं मोजमाप केलं. १९८३ साली त्यानं छापलं, की ही जिद्द फार आणि पदरी शिक्षण कमी, अशा काळ्या पुरुषांचा रक्तदाब जास्त आहे. नंतरच्या काही पाहण्यांत हे दिसलं, काहींत नाही. पण मुद्दा बघा. हात रिकामे असताना केलेली जिद्द शरीर जाळते. तीच जिद्द पैसा, शिक्षण, ओळखी पाठीशी असणाऱ्याला तेवढी जाळताना दिसली नाही. त्याला जिद्द करायला सांगणं सोपं आहे. आमच्या बापांना मात्र ‘कष्टाळू, प्रामाणिक’ म्हणून पाठ थोपटून थोपटून मारलं.

मग कोणी म्हणतो, तुम्हा लोकांच्या मनात न्यूनगंड आहे, तो काढा. ऐका. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या गावांत शाळकरी पोरांना भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. सोडवेल तसे पैसे. ३२१ पोरं सवर्ण, ३२१ दलित. जात कुणाला माहीत नव्हती तेव्हा दोघं सारखेच. मग सगळ्यांसमोर नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव आणि जात पुकारली. झालं! तीच दलित पोरं मागं पडली. हे २००४ साली छापून आलंय. इथवर ऐकून न्यूनगंडवाले खूष होतील. पण त्याच प्रयोगात, बक्षिसाच्या हिशेबात माणसाऐवजी चिठ्ठीचं नशीब घातलं, तेव्हा हा फरक पुसला गेला. म्हणजे पोरांची बुद्धी गेली नव्हती. जात पुकारल्यावर माणूस आपल्याला न्याय देईल यावरचा त्यांचा भरवसा गेला होता. याला मी आजार म्हणणार नाही. हे पिढ्यांचं शहाणपण आहे. फक्त त्याची फी ते पोरगंच भरतं.

मनातलं बदलता येत नाही असं मी म्हणत नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, अंगावरच्या नेसण्यावरून जात ओळखू येते, ते नेसणं टाका. बायकांनी लगेच नेसण बदलली. पण ते एकटीनं आरशासमोर उभं राहून ‘मी मोठी, मी मोठी’ पुटपुटणं नव्हतं. हजारोंनी एकत्र, भर परिषदेत.

आपल्या चळवळीनं १९७२ साली नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. त्या पोरांच्या हातातली बंदूक आपण पोस्टरवर बघितली. पण ते वस्त्यांत फुकट दवाखानेही चालवायचे, काळ्या लोकांत जास्त असणाऱ्या सिकलसेलची तपासणी करायचे. त्याबद्दल आपल्यात कोण बोलतो? आपल्याला घोषणा आवडते, रक्ताचा थेंब तपासायचा कंटाळा येतो.

आमच्या टोळीत एक काका आहेत. दाब वरचा १८०. गोळी घेत नाहीत. का, तर ‘एकदा लागली की सुटत नाही’ आणि ‘मला कुठं काय होतंय?’ आता रक्तदाब बहुतेकदा काही दुखवतच नाही, तीच त्याची हरामखोरी आहे. गोळी दारूसारखी लागत नाही. आजार राहतो म्हणून ती चालू ठेवावी लागते. पण काकांना वाटतं, गोळी घेतली म्हणजे मी संपलो, गड्यांत नाव गेलं. हा मर्दपणाही कुणीतरी आपल्या डोक्यात बसवलाय, कारण त्यानं पोती स्वस्तात उचलली जातात. मी काकांना म्हटलं, तुम्ही मेलात तर मुकादम अर्ध्या तासात दुसरा गडी उभा करील. ते हसले. गोळी अजून घेतली नाही, पण चिठ्ठी खिशात आहे.

व्यवस्था बदलल्याशिवाय दाब उतरणार नाही, असं काही शिकलेले दोस्त म्हणतात. बदलूया की! पण तोपर्यंत लकव्यानं तोंड वाकडं झालेला माणूस मोर्चात घोषणा कशी देणार?

तर रविवारी सकाळी दहाला याच खोलीत दाब मोजायचं मशीन असेल. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, अर्धा तास आधी चहा-बिडी नाही. १४०/९० किंवा वर गेला तर दुसऱ्या दिवशी परत मोजायचा, परत आला तर आपल्यातला एक जण सोबत पालिकेच्या दवाखान्यात येईल. सुकट, बोंबील, पापड, फरसाण कमी. आयांना, बहिणींना आणा. चार घरची भांडी घासून डोकं धरून बसतात आणि ‘ऊन लागलं’ म्हणतात. वहीत नाव, वय, आकडा लिहायचा. आणि पुढं एक रकाना मी मुद्दाम आखलाय: काम काय, आणि वर कोण ओरडतं.