दोष ओल्या हातांचा नाही



मी पुण्यातून बोलतेय. बचत गटांच्या कामासाठी वस्त्यावस्त्यांतून फिरते. गेल्या पावसाळ्यात एका बैठकीत एक ताई सहज म्हणाल्या, "आमच्या फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात. हात ओले असतील माझे." मी विचारलं, "अजून कुणाकडे होतं असं?" पाच हात वर झाले. पाचही जणींनी दोष आपल्याच ओल्या हातांना दिला होता.

बायांनो, दोष हातांचा नाही. फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरलेली असते. तिला जमिनीत जायला दुसरी वाट नसते, म्हणून ती आपल्या अंगातून जाते. आज मुंग्या, उद्या जीव. जून २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या दापोडी गावात, कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरली आणि एकाच घरातली तीन माणसं गेली. म्हणून सांगते, पत्र्याच्या शेडला किंवा विजेच्या वायरजवळ कपड्यांसाठी लोखंडी तार बांधू नका. नायलॉनची दोरी बांधा.

आता विजेची ती दुसरी वाट म्हणजे अर्थिंग. थ्री-पिन प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते, ती अर्थिंगची. प्लग लावताना ती आधी जोडली जाते, काढताना शेवटी सुटते. ती पिन मोडू नका. पण पिन असून भागत नाही. त्या ताईंकडे वायरमनने बोर्ड उघडला, तर वरच्या भोकाला वायरच जोडलेली नव्हती! नुसतं भोक.

दुसरी गोष्ट. "आमच्याकडे एमसीबी आहे," असं बऱ्याच जणी सांगतात. एमसीबी वायर जळू देत नाही. पण माणसाचा जीव जाईल एवढी वीज तिच्या हिशेबी फार थोडी असते, तेवढ्याने ती पडत नाही. माणसासाठी आरसीसीबी लागते. तिचं काम आपल्या गटाच्या वहीसारखं आहे: गेले किती, परत आले किती. मध्येच वीज गळाली, की ती क्षणात वीज बंद करते. दुकानात "३० मिलीअँपिअरची द्या" असं सांगा आणि परवाना असलेल्या वायरमनकडूनच बसवा. तिच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. वीज चालू असताना महिन्यातून एकदा ते दाबा. खटका पडला, तर ती ठीक आहे. नाही पडला, तर वायरमनला बोलवा.

तिसरी गोष्ट पाणी तापवायच्या रॉडची. पाणी तापलं का, हे बोट बुडवून बघायची आपली सवय. आधी बटण बंद करा, प्लग काढा, मगच पाण्यात हात घाला.

आणि कुणाला धक्का बसलाच, तर जीव कितीही तुटला तरी त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद. तो हाताशी नसेल, तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकला आणि १०८ ला फोन करा. बाहेर रस्त्यावर तार तुटलेली दिसली, तर जवळच जाऊ नका, लाकूड घेऊनही नाही. इतरांना लांब थांबवा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

त्या बैठकीत आमच्या लक्षात आलं, की गटातून मिक्सरसाठी कर्ज घेतलं, शिलाई मशीनसाठी घेतलं, पण अर्थिंगसाठी आजवर एकीनेही मागितलं नव्हतं. त्या दिवशी पहिलं कर्ज त्या ताईंना दिलं. पुढच्या महिन्यात हप्ता भरताना त्या म्हणाल्या, "आता पोरगं फ्रिज उघडतं, तेव्हा मी ओरडत नाही."

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: "कुणाच्या घरी मुंग्या येतात?" आणि किती हात वर होतात ते मोजा.