कादंबरीचा नायक आणि आपल्या घरातील माणसे
(परभणी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



आजच्या विषयाचा प्रश्न साधा आहे. ज्याच्यापाशी राज्य नाही, शौर्याची ख्याती नाही, अशा माणसास कथा-कादंबरीत नायकपद प्राप्त होते ते कशामुळे?

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी नायकाची लक्षणे सांगताना त्याग, दक्षता, विनय या गुणांबरोबर विख्यात कुळही सांगितले. मराठी कादंबरी बाल्यावस्थेत असताना तिच्यावरही याच कल्पनेची छाया होती. १८६१ सालच्या ‘मुक्तामाले’च्या सुमारास वाचकांस अद्भुताची गोडी होती. पुढे १८९० पासून हरिभाऊ आपटे यांनी ‘करमणूक’ पत्रातून ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहावयास घेतली आणि नायिकेच्या स्थानी बसविली ती यमू, एका सामान्य घरातील मुलगी. तिच्या हाती काहीच नव्हते. वैधव्य आले, केशवपनाची सक्ती झाली, आणि ती सक्ती तिला टाळता आली नाही. तथापि एक गोष्ट तिने केली. आपली हकीकत तिने स्वतः सांगितली. मुकाट्याने सोसणे हा सोपा मार्ग होता, तो तिने पत्करला नाही. तिचे नायिकापण या सांगण्यात आहे, केवळ दुःखात नव्हे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दारिद्र्य आणि दुःख यांनी माणूस आपोआप नायक होत नाही. त्यांनी वाचकाची दया मिळते, आदर मिळत नाही. आदर मिळतो तो निवडीमुळे. सोपी वाट समोर मोकळी असताना माणूस ती सोडतो आणि तिची किंमत स्वतः मोजतो, त्या क्षणी तो मोठा होतो.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील (१९५५) मास्तर पाहा. धनगरांच्या वाडीवरील एकशिक्षकी शाळा. हजेरी मांडावी, पगार घ्यावा, एवढ्यावर त्याची नोकरी सुखाने निभावली असती. परंतु लोकांची पत्रे, त्यांचे तंटे, त्यांची कामे तो अंगावर घेतो आणि गावाच्या श्रमातून तालीम उभी करण्याचा ध्यास धरतो. शेवटी दुष्काळ पडतो व वाडी ओस होते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील (१९६०) कौतिकही अशीच. नवऱ्याचा आधार नाही. तरी मुलांसाठी ती मोलमजुरी करीत झुंजते, आणि परिस्थिती अखेर तिच्यावर मात करते. मास्तर जिंकला नाही, कौतिकही जिंकली नाही. म्हणजे यश ही नायकपदाची अट नव्हे. दोघांतही उणिवा आहेत, म्हणूनच ती दोघे आपणास खरी वाटतात.

आपल्या परभणीस याचे उदाहरण बाहेर शोधावयास नको. भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजेच बी. रघुनाथ, यांनी निजामी अमदानीत बांधकाम खात्यात कारकुनी केली आणि ती करीतच कविता, कथा व कादंबऱ्या लिहिल्या. १९५३ मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, ते याच गावी निवर्तले. त्यांच्या एका कादंबरीचे नाव ‘बाबू दडके’ आहे. ना पदवी, ना बिरुद! आपल्या आळीत हाक मारावी असे हे नाव त्यांनी निःसंकोचपणे मुखपृष्ठावर घातले.

आता आपल्या स्मरणिकेकडे वळू. तीत देणगीदारांची छायाचित्रे असतात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या याद्या असतात. त्या असाव्यातच. परंतु १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो स्त्रियांनी रोजगाराच्या कामांवर खडी फोडली, सुकडीवर लेकरे जगविली. त्यांपैकी काही आज आपल्या घरांतील आज्या आहेत. त्यांचे पान कोठे आहे? त्या गेल्यावर आपण ‘कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ’ असे तीन शब्द छापतो. हे शब्द कोणासही लागू पडतात, म्हणून ते कोणाचेच नसतात. त्याऐवजी असे लिहावे, की अमुक वर्षी घरात धान्य नसताना हिने कोणते दागिने मोडले, मुलीची शाळा सुटू नये म्हणून कोणाचा रोष पत्करला, आणि त्यापायी काय गमावले. कादंबरीकार याहून निराळे काही करीत नाही. तो विशेषण देत नाही, प्रसंग देतो.

यास्तव कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे. पुढील अंकापासून चार पृष्ठे अशा हकीकतींसाठी राखून ठेवावीत. तरुण मुलामुलींनी वडीलधाऱ्यांजवळ बसून त्यांच्याच शब्दांत त्या उतरवून घ्याव्यात आणि त्यांचे चुकलेले निर्णयही गाळू नयेत. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. ज्यांनी तो काळ सोसला त्यांपैकी कित्येकांनी आता ऐंशी ओलांडली आहे, आणि दर मेळाव्यास त्यांच्या काही खुर्च्या रिकाम्या दिसतात.