पेडणे-डिचोलीचा वसंत

श्रोतेहो, गोव्याचा वसंत पाहावयाचा तर समुद्राकडे पाठ करून डोंगरांकडे वळावे लागते. पेडणे आणि डिचोली हे त्याचे खरे मुलूख. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या हाती गेलेल्या 'नव्या काबिजादीं'तले हे महाल. त्यामुळे जुनी देवळे, जत्रा आणि शिगमा येथे आपल्या वळणाने टिकून राहिले.

गेल्या फाल्गुनात आम्ही चार शाळासोबती एका दिवसाच्या सहलीला निघालो. चौघांचीही सत्तरी उलटलेली. कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडली आणि काजूचा तो तिखट-गोड दरवळ सुरू झाला. हे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले. पण आज पिकल्या बोंडांचा वास आल्यावाचून आमच्या लोकांना वसंत आल्यासारखे वाटत नाही. निष्पर्ण सावरीवर लाल फुले होती, आंब्यांना कैऱ्या धरल्या होत्या. पेडण्याच्या श्रीभगवतीच्या देवळाशी उभे असलेले दोन भव्य दगडी हत्ती पाहून एकजण म्हणाला, "आपण पिकलो रे, हे मात्र आहेत तसेच!" इतक्यात डोक्यावरून विमान गेले. जवळच्या मोपाच्या पठारावर 2023 च्या जानेवारीपासून त्यांची ये-जा आहे.

दुपारी थिवी-अस्नोड्यावरून डिचोलीत आलो. नार्वे येथे श्रीसप्तकोटीश्वराचे दर्शन घेतले. दिवाडी बेटावरचे मूळ देवस्थान उद्ध्वस्त झाल्यावर देव नदीपलीकडे नार्व्यास आला. 1668 साली शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार करविला. मोडलेले पुन्हा उभे राहते, याची ही साक्ष.

पण सगळेच उभे राहते काय? हा प्रश्न आमच्या गाडीतच बसला होता. आमच्यातील एकाचे घर खनिजाच्या ट्रकांवर चालले. दुसऱ्याच्या शेतात त्याच खाणीची तांबडी माती वाहून आली आणि कुळागराचा झरा आटला. 2012 साली खाणी थांबल्या, 2018 साली न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. एकाला ते संकट वाटले, दुसऱ्याला सुटका. त्या दिवसांत दोघांचे बोलणे तुटले होते.

हरवळ्याला जांभ्या दगडात कोरलेली प्राचीन लेणी पाहून आम्ही धबधब्यापाशी बसलो. पावसाळ्यात गर्जणारा तो प्रवाह आता बारीक झाला होता. ट्रकवाला मित्र बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "कर्जाचे हप्ते दिसत होते रे, तुझा झरा दिसला नाही." दुसऱ्याने डब्यातली सोलकढी त्याच्यापुढे केली. "हप्ते मलाही दिसले नव्हते," एवढेच तो म्हणाला. पुढे कोणी तो विषय काढला नाही.

आता लिलावानंतर डिचोलीत यंत्रे पुन्हा हलू लागली आहेत. पोटाला काम हवे, हे खरेच. परंतु सावर दरवर्षी आपली आपण फुलते. आटलेल्या झऱ्याचे तसे नसते. त्याच्या वरचा डोंगर शाबूत असेल, तरच तो परततो. डोंगराचा हिशेब मांडताना ट्रकवाला आणि कुळागरवाला या दोघांना एकत्र बसविले पाहिजे. श्रोतेहो, येत्या वसंतात जुन्या सोबत्यांना घेऊन या वाटेने अवश्य जा. आणि ज्याच्याशी बोलणे राहिले असेल, त्याला आधी बोलवा.