उन्हाळ्यातला नकाशा, पावसाळ्यातला पूर



अध्यक्षाने आपल्या शास्त्राच्या भवितव्यावर बोलावे, अशी रीत आहे. मी मात्र एका दशांश अपूर्णांकावर बोलणार आहे. मॅनिंगचा ‘एन’, म्हणजे पात्राचा किंवा जमिनीचा खडबडीतपणा पाण्याला किती अडवतो, ते सांगणारा आकडा. रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याने १८८९ मध्ये आपले सूत्र मांडले. व्हेन ते चाऊ यांच्या १९५९ च्या ग्रंथातले ‘एन’चे तक्ते तर आपण अजून वापरतो. पूर्वी हा आकडा ठरवायला नदीकाठी उभे राहावे लागे. आता भूआच्छादनाचा उपग्रही नकाशा संगणकात चढवायचा, प्रत्येक रंगापुढे एक आकडा लिहायचा आणि पूर धावू द्यायचा.

अडचण त्या रंगांची आहे. आपण ज्या जयपूर शहरात जमलो आहोत तिथलेच बघा. द्रव्यवती, म्हणजे जुना अमानीशाह नाला, आता बऱ्याच लांबीत काँक्रीटच्या अस्तरातून वाहते. उपग्रहाला ते अस्तर आणि घराची गच्ची यांत फारसा फरक दिसत नाही. त्यामुळे नदीचा तो तुकडा ‘बांधकाम’ या वर्गात जाऊ शकतो. बांधकामाला आपण ०.१ देतो, काँक्रीटला ०.०१५ पुरते. खोली आणि उतार तेच धरले, तर वेग ‘एन’च्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे खरे पाणी सांगानेरकडे सुसाट निघालेले असताना आपल्या पडद्यावर ते जवळजवळ सातपट सावकाश चाललेले असते.

परकोट्याच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या, आतही तेच. एका वर्गाला एकच आकडा. पण तिथले सरळ, रुंद बाजाररस्ते पावसात कालवे होतात आणि हवेल्यांच्या भिंती पाण्याला अडवतात. या दोन्हींची सरासरी काढली, की मिळणारा आकडा ना रस्त्याचा असतो ना हवेलीचा. २०१२ आणि २०२० च्या ऑगस्टमधल्या पुरातले जयपूर आठवा.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण याहून टोकाचे आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. काठची जमीन नकाशात ‘शेती’, आणि तक्त्यात उभ्या पिकाला सुमारे ०.०४. पण तो ऊस आहे! ऑगस्टमध्ये एका बांधाच्या अलीकडे गेल्या वर्षीची आडसाली लागण पुरुषभर उंचीच्या वर गेलेली असते, पलीकडे यंदाच्या लागणीला नुकते कोंब फुटलेले असतात. दोन्ही शेतांचा रंग एकच. दाट उसातून शिरणाऱ्या पाण्याला मी शेताचा नव्हे, झाडीचा आकडा देईन. पुढे पाणी शेंड्यांवरून गेले, ऊस आडवा झाला, की तोच आकडा पुन्हा खाली आणावा लागेल. रुंद पात्रात तेवढाच विसर्ग न्यायचा आणि ‘एन’ दुप्पट झाला, तर खोली साधारण दीडपट होते. उंबऱ्याशी थांबणारे पाणी त्याने माजघरात येते.

यावर कोणी म्हणेल, शेवटी आपण पूररेषेच्या खुणांशी मॉडेल जुळवून घेतोच की. घेतो, आणि मला भीती तिथेच वाटते. पुलाची कमान जलपर्णीने तुंबलेली, नदीपात्राचे मोजलेले छेद दहा वर्षांपूर्वीचे, पाऊस एकाच केंद्रावर मोजलेला. या सगळ्या चुका पोटात घालायला ‘एन’इतका आज्ञाधारक आकडा दुसरा नाही. थोडा वर, थोडा खाली केला की खुणा जुळतात. दुसऱ्या वर्षी पूर वेगळ्या उंचीने येतो आणि तेच मॉडेल फसते. जुळवणी करायला माझी हरकत नाही. ‘एन’ तक्त्याच्या मर्यादेबाहेर गेला की आधी छेद तपासावेत, एवढेच म्हणणे आहे. गाळ काढला का, भराव कुठे पडला, हे तलाठ्याला आणि काठच्या शेतकऱ्याला ठाऊक असते.

दुपारच्या सत्रात पुराच्या मॉडेलवर जे बोलणार आहेत, त्यांना एक विनंती. रंगीत पूरनकाशा दाखवण्याआधी ‘एन’चा तक्ता पडद्यावर आणा, प्रत्येक आकड्यापुढे भूआच्छादनाचे चित्र कोणत्या महिन्यातले ते लिहा, आणि तुम्ही ती जागा पावसाळ्यात पाहिली आहे का, तेही. सत्राध्यक्षांना मी यासाठी पाच मिनिटे जादा द्यायला सांगितले आहे.