गोष्ट डोळ्यांनी ऐकायची



संयोजकांनी मला विषय सुचवला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. सॉफ्टवेअरमधली बाई म्हटल्यावर दुसरं काय सुचणार! पण त्यावरची भाषणं तुम्हाला रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मिळतातच. मी आज वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलणार आहे, आणि शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागणारही आहे. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

गेली दोन वर्षं दर शनिवारी मी ठाण्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीच्या वर्गावर जाते. शिकवतात ते एक बधिर शिक्षक. मी त्यांची मदतनीस: प्रोजेक्टर लावायचा, हजेरी घ्यायची, सुरुवातीला मुलांचं अडलं तर अर्थ सांगायचा. विषय आहे भारतीय सांकेतिक भाषा आणि तिच्यातून गोष्ट सांगणं. वर्गातल्या सगळ्या मुलांना ऐकू येतं. मग त्यांना ही भाषा कशाला, हे पुढे सांगते.

आधी भाषेबद्दल. खुणांची भाषा म्हणजे मराठी किंवा हिंदी शब्दांचं हातांनी केलेलं भाषांतर नव्हे. तिला स्वतःचं व्याकरण आहे. काळ सांगणारी खूण साधारणपणे आधी येते, नकार आणि 'काय, कुठे' हे प्रश्न शेवटी. 'उद्या – मी – शाळा – जाणे – नाही.' आपल्या मराठीतही 'नाही' शेवटीच येतं, त्यामुळे मुलांना हे पटकन जमतं. व्याकरणातलं बरंच काही चेहऱ्यावर असतं. भुवया कशा आहेत त्यावरून प्रश्न की विधान ते ठरतं. आणि जगभर एकच खुणांची भाषा आहे, असंही नाही. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे लोक इंग्रजी बोलतात, पण तिथल्या बधिरांच्या भाषा वेगळ्या. ऑस्ट्रेलियाची ऑस्लन ब्रिटिश कुळातली आहे आणि तिची मुळाक्षरं दोन्ही हातांनी काढतात, तशीच आपल्याकडेही इंग्रजी मुळाक्षरं दोन्ही हातांनी काढतात. अमेरिकेत मात्र एकाच हाताने. शब्दांबद्दलही एक सांगते. 'मूकबधिर' हा शब्द बधिर मंडळींना रुचत नाही. ज्यांना भाषा आहे, ते मुके कसे?

आता गोष्ट. सरांनी मुलांना पहिली गोष्ट दिली ती चिऊ-काऊची. आपण ती आजीच्या मांडीवर कानांनी ऐकली. हातांनी सांगताना ती अगदी वेगळी होते. सांगणारा आधी हवेत जागा ठरवतो: डावीकडे कावळ्याचं घर, उजवीकडे चिमणीचं. एकदा ठरलं की गोष्ट संपेपर्यंत ती घरं तिथून हलत नाहीत. मग 'कावळा म्हणाला' असं सांगावं लागत नाही; खांदे वळतात, मान तिरपी होते, चेहरा बदलतो आणि समोर कावळाच उभा राहतो. शेण आणि मेण यांचं यमक मात्र हातांत उरत नाही. त्याच्या बदल्यात सरांनी दोन्ही घरं हाताच्या एकाच ठेवणीने बांधली. एक पावसात ढासळत गेलं, दुसरं तसंच उभं राहिलं. खुणांच्या भाषेतलं यमक असं असतं: बोटांची ठेवण तीच, हालचाल वेगळी. एका मुलीने कावळ्याचं घर करताना दोन्ही पंजे टेकवून छप्पर केलं आणि मग बोट खाली, आपल्याच पायांकडे दाखवलं. मला क्षणभर कळलं नाही. सर मात्र पोट धरून हसले. खोपट! आपल्या खोपटच्या नावाचा अर्थच मुळी लहानशी झोपडी. असा विनोद पाठ करून येत नाही. त्या भाषेत विचार सुरू झाल्यावरच येतो.

भाषेबरोबर रीतभातही येते. कुणाचं लक्ष वेधायचं तर हाक नाही. खांद्यावर हलकेच थोपटायचं, नाहीतर दिवा बंद-चालू करायचा. दोघांचं बोलणं चालू असताना नजर वळवणं म्हणजे आपल्याकडे कानांत बोटं घालण्यासारखं. टाळी म्हणजे दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. प्रत्येकाला खुणेचं नाव मिळतं, पण ते स्वतः घ्यायचं नसतं, बधिर माणसाने द्यायचं असतं. माझं नाव चष्मा वर सरकवण्याच्या सवयीवरून पडलं. आपल्या गणिताच्या बाईंना ते लगेच पटेल.

आता मी यात कशी आले ते. माझा आतेभाऊ जन्मापासून बधिर. दिवाळीत सगळं गोत आमच्या खोपटच्या दोन खोल्यांत जमायचं. फराळ, गप्पा, हशा. तो प्रत्येकाच्या ओठांकडे बघत राहायचा आणि सगळे हसले की आईला खुणेने विचारायचा, काय झालं? आत्या म्हणायची, 'नंतर सांगते.' ते नंतर कधी यायचं नाही, कारण आत्यालाही त्याची भाषा येत नव्हती. घरात प्रेम भरपूर होतं, पण गोष्ट एकही पोचत नव्हती. घराण्यातला कुठला किस्सा, आजोबांची कुठली फजिती, कुणी कुणाशी का बोलत नाही, यातलं काहीच त्याला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं.

हे एकट्या आत्याचं नव्हे. बहुतेक बधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. १८८० साली इटलीत मिलान येथे बधिरांच्या शिक्षणावर परिषद भरली. प्रतिनिधी जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला की मुलांना बोलायलाच शिकवावं, खुणा नकोत. मुंबईत बधिरांसाठी शाळा निघाली ती १८८५च्या सुमारास, म्हणजे त्या ठरावाच्या छायेतच. पुढे जगभर, आपल्याकडेही, कित्येक पिढ्या वर्गात ओठ वाचत आणि मधल्या सुट्टीत एकमेकांकडून खुणा शिकत वाढल्या. २०१० साली व्हँकुव्हरला त्याच परिषदेने त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. तोवर एकशे तीस वर्षं गेली होती.

माझ्या आतेभावाला गोष्टी मिळाल्या त्या लोकलमध्ये. ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीच्या अपंगांच्या डब्यात त्याचे मित्र ठरलेल्या वेळी चढत. मुंबईतले बधिर त्या डब्याचा कट्टा कसा करतात, गप्पांसाठी प्रवास कसा लांबवतात, यावर अ‍ॅनेलीस कुस्टर्स या बेल्जियन, स्वतः बधिर असलेल्या अभ्यासिकेने २००९ साली लेख लिहिला आहे. आपण ज्या लोकलला शिव्या देतो, ती कुणासाठी दिवाणखाना होती.

आता दिवस पालटताहेत. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र केंद्र झालं. त्यांचा शब्दकोश २०१८ साली ३ हजार शब्दांचा होता, २०२१पर्यंत १० हजारांचा झाला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेचा उल्लेख आहे. २०२१च्या जुलैमध्ये माध्यमिक स्तरावर तिला विषयाचा दर्जा मिळाला. म्हणजे आपण बीजगणितात गटांगळ्या खाल्ल्या त्या वयात आजचं मूल हा विषय घेऊ शकतं.

तुम्ही म्हणाल, आता मोबाइल आहे, बोललेलं लिहून दाखवतो, खुणा ओळखणारी यंत्रंही येताहेत. मी त्याच धंद्यातली आहे, म्हणून सांगते. बोटं मोजणं यंत्राला जमेल. भुवया, नजर, हवेत ठरवलेली जागा हे सगळं एकत्र धरणं अवघड आहे. आणि जमलं तरी दिवाळीच्या फराळाला कुणी यंत्राशी गप्पा मारायला येत नाही. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख लोकांनी श्रवणाची अडचण नोंदवली आहे. त्यांतला कुणी उद्या आपल्या मुलांच्या शेजारी राहील, बँकेच्या खिडकीशी येईल, कदाचित नातवंड म्हणून घरात जन्मेल. तेव्हा समोरच्याला 'नंतर सांगते' म्हणावं लागू नये, एवढ्यासाठी ऐकू येणाऱ्या मुलांनी ही भाषा शिकायची.

म्हणून मागणं. बॅचच्या निधीतून शाळेला काय द्यायचं यावर ग्रुपवर बरीच चर्चा झाली: कमान, पाण्याचं यंत्र, डिजिटल फळा. या तिन्ही वस्तू चांगल्याच आहेत. माझा प्रस्ताव असा की त्यातला एक भाग बाजूला काढून आठवी-नववीसाठी दर शनिवारी एक तास सुरू करावा, दोन वर्षं. शिक्षक बधिरच असावा, आणि त्याला इतर कोणत्याही शिक्षकासारखं मानधन मिळावं. समाजसेवा म्हणून फुकट बोलावू नये. भाषा ज्यांची, त्यांनीच ती शिकवावी. मुख्याध्यापिका बाईंशी मी बोलले आहे. तास आणि वर्गखोली द्यायला त्या तयार आहेत.

जेवणानंतर निधीची बैठक आहे. प्रस्तावाचा कागद तिथे ठेवते. प्रश्न असतील ते विचारा, आक्षेप असतील ते मांडा, आणि पटलं तर सही करा.