कंटिन्यू म्हटलं, आणि प्रोग्रॅम तिथेच अडकला!

आजचा भाग छोटा आहे, पण सी नव्याने शिकत असाल तर वही-पेन घेऊनच ऐका.

बीटेकचं पहिलं वर्ष, प्रॅक्टिकल परीक्षा. प्रोग्रॅम अगदी साधा: १ ते ५ आकडे छापायचे, फक्त ३ सोडून. मी फॉर लूप लिहिला. आत एक इफ: आय ३ असेल तर कंटिन्यू. त्याखाली प्रिंटएफ. आउटपुट आलं १, २, ४, ५. मी खूश!

एक्सटर्नल मॅडम म्हणाल्या, "आता हेच व्हाईलने कर." सोपं वाटलं. आय बरोबर १ लूपच्या वर घेतलं, अट व्हाईलच्या कंसात टाकली, आय प्लस प्लस सगळ्यात शेवटी. रन केलं. १, २... आणि पुढे काहीच नाही. कर्सर नुसता लुकलुकतोय. मी म्हटलं, "मॅडम, पीसी हँग झालाय." त्या म्हणाल्या, "हँग नाही, तो पळतोय. कुठे पळतोय ते सांग." मला सांगता आलं नाही. मार्क गेलेच, पण 'आपल्याला कोडिंग जमणार नाही' हे त्या दिवशी मनात पक्कं बसलं होतं.

उत्तर रात्री वहीत सापडलं. फॉरच्या कंसात तीन गोष्टी एका ओळीत दिसतात, म्हणून त्या एकदम चालतात असं वाटतं. तसं नसतं. पहिला भाग एकदाच चालतो. मग अट तपासली जाते. खरी असेल तर आतलं काम, त्यानंतर आय प्लस प्लस, आणि परत अट.

कंटिन्यू म्हणजे या फेरीतलं उरलेलं काम सोडा. फॉरमध्ये तिथून कंट्रोल आय प्लस प्लसवर जातो, मग अटीवर. व्हाईलमध्ये मात्र थेट अटीवर! माझं आय प्लस प्लस कंटिन्यूच्या खाली होतं, म्हणजे तेही सुटलं. आय ३ च राहिला. अट खरी, परत कंटिन्यू, परत ३. संपणार कसं? उपाय एवढाच: त्या इफमध्ये कंटिन्यूच्या आधी आय वाढवायचा. आणि हो, दोन्ही ओळी महिरपी कंसात घ्या.

तुमचा लूप अडकला तर आधी कंट्रोल सी दाबून थांबवा. मग वहीत तीन रकाने आखा: आयची किंमत, अट खरी की खोटी, काय छापलं. एकेक फेरी हाताने भरा. आजही ऑफिसात एखादा लूप डोक्यात बसत नसेल, तर मी हेच करतो.

आता गृहपाठ. फॉरमधल्या कंटिन्यूच्या जागी ब्रेक टाका. आय लूपच्या बाहेर डिक्लेअर करा आणि लूप संपल्यावर तो छापा. पण रन करण्याआधी उत्तर वहीत लिहा. ३ येईल, ४ की ६?

भेटू पुढच्या भागात!