रोपवेने कामावर जाणारं शहर

रोपवे म्हटलं की आपल्याला रायगड आठवतो, म्हणजे सहल. बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये मात्र लोक रोपवेने कामावर जातात. हे शहर दरीत, सुमारे 3600 मीटर उंचीवर; आणि वरच्या पठारावर, 4000 मीटरच्याही वर, एल आल्तो हे शेजारचं शहर. मधल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर मिनीबसची कोंडी. 2014 साली इथे लाल, पिवळी आणि हिरवी अशा मार्गिका सुरू झाल्या, राष्ट्रध्वजाचेच रंग! आज त्या दहा आहेत, एकूण सुमारे 30 किलोमीटर.

खरी करामत स्थानकात दिसते. दोर फिरतच राहतो. पाळणा आत शिरला की त्याची पकड दोरावरून सुटते, तो गोगलगायीच्या चालीने सरकतो, माणसं चढतात-उतरतात आणि पकड पुन्हा दोर धरते. पाळण्यात दहा जण बसतात आणि पुढचा काही सेकंदांत हजर, मग वेळापत्रक हवं कशाला?

मेट्रोइतकी गर्दी रोपवे वाहू शकत नाही, आणि वादळात तो थांबवावा लागतो. सपाट शहरात तो हौसेचाच ठरेल. पण डोंगरउतारावरच्या दाट वस्तीत त्याला जागा लागते ती खांबांपुरती आणि स्थानकांपुरती. तिथे रस्ते रुंद करत बसण्यापेक्षा रोपवेच शहाणपणाचा.